शिक्षा थोड्यांना, धाक सगळ्यांना : समलैंगिकद्वेषाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या शाळा, वाशी-नेरुळची कॉलेजं, घोडबंदर रोडवरच्या आणि खारघरच्या सोसायट्या, अधूनमधून एखादं महिला मंडळ अशा ठिकाणी मी या विषयावर बोलायला जाते. भाषण अर्ध्या तासात उरकतं, प्रश्न मात्र संपत नाहीत. निम्मे प्रश्न चिठ्ठीवर येतात, बिननावाचे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या चिठ्ठ्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्नांची भाषा ज्याची त्याची आहे, ती मी सोवळी केलेली नाही.

मला ते बघवत नाही. म्हणजे मी होमोफोबिक झालो का?

तुमच्या मनात काय येतं याचा हिशेब कुणी मागत नाही. तुम्ही त्यावरून काय करता, हा प्रश्न आहे. भाडेकरूला नकार देता, भाच्याला घरी यायला बंदी करता, ऑफिसात एखाद्याच्या चालण्याची नक्कल करून हशा मिळवता, त्याला समलैंगिकद्वेष म्हणायचं. आणि असं करणारी माणसं बहुतेक वेळा द्वेषाने पेटलेली वगैरे नसतात. चारचौघं करतात म्हणून तीही करतात.

हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे ना? आपल्याकडे असलं काही नव्हतं.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली आली. भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम ३७७, 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारं, मेकॉलेच्या मसुद्यातून वाढत आलेलं. त्याचं मूळ इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या १५३३ सालच्या कायद्यात आहे. म्हणजे बाहेरून काही आलं असेल तर ते हे कलम. आगगाडीइतकंच विलायती.

हाच मसुदा साहेबाने जाईल तिथे नेला. सिंगापूर, मलेशिया, ब्रह्मदेश, आणि पुढे आफ्रिकेतल्या वसाहती. आज युगांडाचे पुढारी समलैंगिकता ही गोऱ्यांनी आणलेली घाण आहे असं सांगतात, तेव्हा ज्या कायद्याच्या पायावर ते उभे असतात तो गोऱ्यांनीच लिहिलेला असतो. १८७१ साली आपल्याकडे 'गुन्हेगार जमाती' कायदा आला. त्यात हिजड्यांची नावनिशी नोंदवायची तरतूद होती आणि बायकी कपडे घालून चारचौघांत नाचण्यावर शिक्षा होती. टाळी वाजली की काचा वर करायची आपली सवय अशाच सरकारी नोंदवह्यांच्या सावलीत वाढली, असं मला वाटतं.

म्हणजे इंग्रज येण्याआधी सगळं आलबेल होतं?

नाही हो. असंही सांगितलं जातं, आमच्याच बाजूचे लोक हौसेने सांगतात. कामसूत्रात पुरुषा-पुरुषांच्या संबंधांवर स्वतंत्र प्रकरण आहे, हे खरं. मनुस्मृतीत पुरुषाला अंगावरच्या कपड्यांसकट स्नान एवढंच प्रायश्चित्त आहे, हेही खरं. पण त्याच मनुस्मृतीत कुमारिकेला 'भ्रष्ट' करणाऱ्या बाईचं मुंडण, नाहीतर दोन बोटं तोडणं आणि गाढवावरून धिंड आहे. बाईचा हिशेब तेव्हाही वेगळाच.

आणि आपलं ठाणं तर १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. गोव्यात १५६० साली आलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, अधिकार इथपर्यंत चालायचा आणि पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या गुन्ह्यांच्या यादीत पुरुषा-पुरुषांचे संबंध होतेच. सुवर्णयुग शोधत बसू नये. एवढं मात्र म्हणता येईल की आपल्याकडे दुर्लक्ष करणं, हसणं, कमी लेखणं होतं, पण एका सरकारी कलमाखाली सरसकट सगळ्यांना गुन्हेगार ठरवणं ही पुढची गोष्ट.

मग मुळात हा द्वेष आला कुठून?

एक झरा सापडत नाही. पण युरोपचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते : संकट आलं की यांना धरा. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याने फर्मान काढलं की असल्या पापांमुळेच दुष्काळ, भूकंप आणि साथी येतात. काही वर्षांनी खरोखर प्लेग आला आणि त्याने तेच पुन्हा बजावलं. १७३० साली नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट शहरापासून धरपकडीची लाट उठली, ती गावोगाव पसरली, माणसं फासावर गेली. १९८० च्या दशकात एड्स आला तेव्हा 'देवाची शिक्षा' हेच शब्द पुन्हा ऐकू आले.

फ्लॉरेन्समध्ये तर १४३२ ते १५०२ अशी सत्तर वर्षं याच कामासाठी 'रात्रीचे अधिकारी' नेमलेले होते. निनावी तक्रार टाकायला पेट्या. जेमतेम ४०,००० वस्तीच्या शहरात सतरा हजारांच्या आसपास पुरुषांची नावं त्यांच्या चौकशीत आली. बहुतेक दंड भरून सुटले. या दंडावर मी नेहमी थांबते, कारण पुढच्या उत्तरातली सगळी गंमत त्यात आहे. गंमत म्हणजे अर्थातच गंमत नव्हे.

शिक्षा तर फारशा कुणाला झाल्याच नाहीत. मग एवढा गाजावाजा कशाला?

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच विचारलं होतं. दीडशे वर्षांतल्या प्रसिद्ध निकालांत दोनशेहून कमी माणसांवर खटले दिसतात, हा कलम ३७७ वैध ठरवताना दिलेल्या कारणांपैकी एक मुद्दा होता.

आता ठाणे स्टेशनसारख्या कुठल्याही मोठ्या स्टेशनवरची मुतारी डोळ्यांसमोर आणा. रात्री साडेदहाची वेळ. साध्या वेशातला एक जण एका कारकुनाची कॉलर धरतो, "चल चौकीत, घरी फोन लावू का?" कारकून पाकीट काढतो, घड्याळ काढतो, पगाराचा दिवस असेल तर पगार काढतो. तो तक्रार करणार नाही, वकील गाठणार नाही, बायकोला सांगणार नाही. न्यायालयाच्या आकड्यात हा माणूस कधीच येत नाही. धरणारा खरा पोलीस होता की तोतया, हेसुद्धा त्याला कळत नाही.

कायद्याने तुरुंग भरले नाहीत, त्याने खंडणीचा धंदा उभा केला. इंग्लंडमध्ये १८८५ साली पुरुषांमधल्या कुठल्याही 'असभ्य' जवळिकीला गुन्हा ठरवणारं कलम आलं, तेव्हा त्याला ब्लॅकमेलरांची सनद हे नाव पडलं. ऑस्कर वाइल्डला १८९५ साली त्याखाली दोन वर्षं सक्तमजुरी झाली. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगची गोष्ट तर याहून बोलकी. १९५२ साली त्याच्या घरी चोरी झाली, तक्रार द्यायला तो स्वतःच पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याच्या मित्राचा उल्लेख निघाला आणि चोर बाजूला राहून ट्युरिंगच आरोपी झाला. तुरुंगाऐवजी हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली. १९५४ साली तो गेला. राणीची माफी आली २०१३ मध्ये.

अमेरिकेत याच धाकाला उलटं वळण मिळालं. या लोकांना ब्लॅकमेल करता येतं, म्हणून ते देशाच्या सुरक्षेला धोका, असा तर्क मांडला गेला. आयसेनहॉवरच्या १९५३ सालच्या आदेशानंतर हजारो सरकारी नोकऱ्या गेल्या. फ्रँक कॅमेनी नावाचा खगोलशास्त्रज्ञ १९५७ मध्ये असाच काढला गेला, तो मात्र आयुष्यभर भांडला आणि २००९ मध्ये त्याला सरकारकडून अधिकृत माफी मिळाली. ज्या भीतीने माणूस ब्लॅकमेल होतो ती भीती सरकारनेच निर्माण केलेली आहे, हे त्या तर्कात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि आपल्याकडे २००१ साली लखनौमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याच ३७७ च्या आधारे अटक झाली, ४७ दिवस ते आत होते. कंडोम वाटणाऱ्यालाच पकडल्यावर दवाखान्यात खरं बोलायला कोण जाईल?

हिटलरने ज्यूंना मारलं हे माहीत आहे. समलैंगिकांनाही मारलं?

हो. जर्मनीत १८७१ पासून कलम १७५ होतंच, नाझींनी १९३५ मध्ये ते आणखी आवळलं. सुमारे एक लाख पुरुषांना अटक, त्यातल्या निम्म्यांना शिक्षा, आणि पाच ते पंधरा हजार छळछावण्यांत. ओळखू यावेत म्हणून छातीवर गुलाबी त्रिकोण. त्याआधी १९३३ च्या मे महिन्यात बर्लिनमधली डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिकताविज्ञानाची संस्था लुटून तिच्या ग्रंथालयाची होळी केली गेली.

शाळेच्या पुस्तकात न येणारा भाग पुढचा आहे. युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण यांच्यातल्या काहींना उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जावं लागलं. नाझींनी आवळलेलं कलम पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत तसंच ठेवलं आणि त्या काळात जवळपास ५०,००० पुरुषांना शिक्षा केल्या. कलम पूर्ण गेलं १९९४ मध्ये. युद्धानंतरच्या शिक्षा रद्द व्हायला २०१७ उजाडलं. राजवट बदलली म्हणून सवय बदलत नाही.

हा आजार आहे का? एक डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत बरा करतो.

त्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ नका. अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकार संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. आणि 'बरं करण्याचे' उपचार हे डॉक्टराचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

हे घडलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. घरच्यांपासून पळून आलेल्या दोन मुलींनी मद्रास उच्च न्यायालयात संरक्षण मागितलं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन स्वतः हा विषय शिकून घेतला, तसं उघड सांगितलं आणि मग जून २०२१ चा आदेश दिला. वैद्यकीय आयोग हलला तो त्या प्रकरणातून. आपल्याला कळत नाही म्हणून शिकायला गेलेला न्यायाधीश मला अनेक निकालांपेक्षा मोठा वाटतो.

तरी झटके, गोळ्या, बाबा, उतारे चालू आहेत. पैसे घेणारा आहे तोवर चालतील.

लग्न लावून दिलं की जागेवर येतो म्हणतात.

कोण येतो जागेवर? कांदेपोहे होतात, हॉल बुक होतो, फोटो छान येतात. दोन वर्षांनी कुणाची तरी मुलगी माहेरी येऊन बसते. तिला कुणी सांगितलेलं नसतं. माझ्यात काय कमी आहे, हे ती स्वतःला विचारत राहते, आणि सासू मूल का नाही म्हणून तिलाच डॉक्टरकडे नेते. समलैंगिकद्वेषाचे बळी मोजताना या बायका कुणी मोजत नाही. चिठ्ठ्यांमधला एक मोठा गठ्ठा त्यांचा असतो, अक्षरावरून कळतं.

मुलींच्या बाबतीत तर कायदाच नव्हता ना?

कलम ३७७ मुख्यतः पुरुषांवर वापरलं गेलं. मुलींसाठी पोलीस लागत नाहीत, घरच पुरतं. मोबाईल काढून घ्या, कॉलेज बंद करा, मामाकडे पाठवा, महिन्याच्या आत लग्न उरका. पळाली तर 'हरवली' किंवा 'पळवून नेली' अशी तक्रार. १९८७-८८ मध्ये मध्य प्रदेशात लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली.

मराठी माणसाचा या सगळ्याशी काय संबंध?

भरपूर. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढायचे, १९२७ ते १९५३. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं असायची. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारतात तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आज आपण ज्या अर्थी हे पान वाचतो आहोत त्या अर्थी दंड वाया गेला नाही.

दुसरं नाव डॉ. रामचंद्र सिरस यांचं. नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, खासगी क्षण चित्रित केले. घुसणाऱ्यांवर कारवाई व्हायच्या आधी विद्यापीठाने सिरसांनाच निलंबित केलं. निवृत्तीला काही महिने उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि त्याच आठवड्यात ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. तेव्हा प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल लागू होता, म्हणजे त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता.

ठाण्यापुरतं सांगायचं तर तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या. तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क देणाऱ्या एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात त्या पक्षकार होत्या.

शाळेत मुलं एकमेकांना चिडवतातच. त्यात एवढं काय?

ठाण्यातल्या एका शाळेतला आठवीतला मुलगा. त्याची आई माझ्याकडे आली ती वेगळ्याच तक्रारीसाठी : पोट दुखतं, लघवीला जळजळ होते, डॉक्टर म्हणतात पाणी कमी पितो. बाटली रोज भरलेलीच घरी यायची. बऱ्याच वेळाने मुलाने सांगितलं की तो सकाळी सात ते दुपारी एक पाणीच पीत नाही. प्यायलं की मुतारीत जावं लागतं आणि तिथे नववीची मुलं उभी असतात. 'बायल्या', 'मीठा', मग पँट ओढणं. त्याला मुलगे आवडतात की मुली, हे त्याला स्वतःलाही अजून माहीत नव्हतं. त्याचा आवाज बारीक आहे, एवढंच.

वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "तो जरा मुलांसारखा वागला तर?" आम्ही मुतारीबाहेर मधल्या सुट्टीत शिपाईकाकांना उभं करायला सांगितलं. आठवड्याभरात बाटली रिकामी यायला लागली. सगळ्या गोष्टींना जनजागृती लागते असं नाही.

कॉलेजवाल्यांसाठी : यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून होणारा छळ स्पष्टपणे धरलेला आहे.

माझा मुलगा गे आहे असं त्याने सांगितलं. आम्ही दोघंही रात्रभर झोपलो नाही. आता काय करायचं?

आधी त्याला जेवायला वाढा. खरंच सांगते आहे. सांगितल्यानंतरचा पहिला आठवडा त्याच्या लक्षात कायम राहील.

अमेरिकेत कॅटलिन रायन यांच्या अभ्यासात, घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, घरी फारसं न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट आढळलं. परदेशातला आकडा जसाच्या तसा इथे लावू नये, पण दिशा तीच आहे. तुम्हाला पटायला वेळ लागेल, तो घ्या. आजीला आज सांगायलाच हवं असंही नाही, कुणाला कधी सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. आणि 'आमचं काय चुकलं' हा प्रश्न सोडून द्या, कारण काही चुकलेलं नाही.

ॲपवर ओळख झाली, भेटायला बोलावलं, चौघं आले आणि पैसे काढून घेतले. तक्रार केली तर घरी कळेल.

मुतारीतल्या कारकुनाचा नातूच हा, फक्त आता पाकिटाऐवजी यूपीआय. फरक एक : २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तुम्ही गुन्हेगार नाही, ते आहेत. धाक दाखवून पैसे उकळणं हा दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. दुसऱ्यांदा पैसे देऊ नका, कारण तिसऱ्यांदा मागतात. चॅट, नंबर, व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, पुसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. चौकीत एकटे जाऊ नका, मित्र किंवा वकील बरोबर घ्या. पहिली भेट नेहमी मॉलमध्ये, हॉटेलात, गर्दीत. अनोळखी फ्लॅटवर किंवा खाडीकडच्या रस्त्यावर नको.

आमच्या सोसायटीत दोन मुली भाड्याने राहायला येताहेत. 'फक्त फॅमिली' असा ठराव करता येईल का?

खारघरच्या एका सोसायटीत अशा मीटिंगला मी बसले होते. सेक्रेटरींनी दोघींकडे 'नात्याचा पुरावा' मागितला होता. दोघी बँकेत कामाला, पोलीस पडताळणी झालेली, करार नोंदवलेला. चर्चा चाळीस मिनिटं चालली आणि त्यात पार्किंग, पाण्याचा टँकर, लिफ्टमधलं कुत्रं सगळं येऊन गेलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मेंटेनन्स वेळेवर देतील ना? मग राहू देत." ठराव बारगळला.

राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने भाडेकरूची माहिती सोसायटीला आधी कळवायची असते, सोसायटीची परवानगी मागायची नसते. पण फ्लॅटमालकानेच नकार दिला तर समलैंगिक जोडप्याला थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा आज नाही. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने भाड्याने घर घेण्यात भेदभावापासून संरक्षण आहे. अंमलबजावणीबद्दल न बोललेलंच बरं.

आज कायदा नेमका काय म्हणतो?

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्यात लिहिलं. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते कलमच नाही. याला एक वाईट बाजूही आहे : पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्काराला लागू होणारं कलमही त्याबरोबर गेलं, त्याजागी काही आलं नाही.

लग्नाचा हक्क ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही, पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. मात्र ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की जोडीदारांना संयुक्त बँक खातं काढायला, जोडीदाराला खात्याचा नॉमिनी नेमायला, एका रेशनकार्डावर नाव लावायला अडचण नाही. बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा.

बाकी जगात हा द्वेष कमी होतोय का?

कुठे होतोय, कुठे वाढतोय. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच समान हक्क मानले. तैवानमध्ये २०१९ पासून, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून लग्नं होताहेत. क्यूबात १९६० च्या दशकात समलैंगिकांना श्रमछावण्यांत डांबलं होतं, कॅस्ट्रोने २०१० मध्ये त्याची जबाबदारी स्वीकारली आणि २०२२ मध्ये जनतेने मतदानाने लग्नाचा हक्क मान्य केला. उलट रशियाने १९९३ मध्ये गुन्हा रद्द केला, २०१३ मध्ये 'प्रचार'बंदी आणली आणि २०२३ मध्ये तर या चळवळीलाच अतिरेकी ठरवलं. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही प्रकारांना देहदंड आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मी मुद्दाम देते. १९९६ च्या राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी, २००६ पासून लग्नाचा हक्क. तरी २००८ मध्ये महिला राष्ट्रीय संघातून खेळलेली फुटबॉलपटू युडी सिमेलाने हिच्यावर सामूहिक बलात्कार करून तिला मारलं गेलं. कागद पुढे गेला, गल्ली मागे राहिली.

यात पैशांचंही नुकसान आहे म्हणतात, ते कसं?

शिकलेला माणूस नोकरी सोडतो, शहर सोडतो, देश सोडतो. ली बॅजेट या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०१४ मध्ये जागतिक बँकेसाठी अंदाज काढला होता : भारताच्या २०१२ च्या उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के. अंदाज फार ढोबळ आहे. पण 'आमचा काय संबंध' म्हणणाऱ्या उद्योजकांच्या सभेत तो उपयोगी पडतो.

बोलायचं कुणाशी?

मन फार खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वय अठराच्या आत असेल तर १०९८. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे, ठाणे-नवी मुंबईहून मुलं तिथे जातात. पालकांसाठी 'स्वीकार' नावाचा पालकांनीच चालवलेला गट आहे.

हे पान सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर चालेल?

टाका. फक्त खाली 'आपल्या बी विंगमधल्या अमुकच्या मुलासाठी' असं लिहू नका.